माणसाच्या आधी इथे कोणी नांदून गेलं होतं का?

घाटवळण (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

मे महिन्यात नववीतल्या भाच्याला घेऊन वरंध घाटातून महाडला उतरत होतो. एका वळणावर पाणी प्यायला गाडी थांबवली. रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे वर काळा कातळ, खाली काळा कातळ आणि मध्ये हातभर उंचीची लालभडक पट्टी. भाचा म्हणाला, "मामा, इथे वीटभट्टी होती का?"

त्याला मला माहीत होतं तेवढं सांगितलं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर बसत गेले. दोन थरांच्या मध्ये कधीकधी हजारो वर्षं शांततेत जायची. तेवढ्या काळात ऊनपावसाने दगडाची माती व्हायची, झाडोरा यायचा. मग पुन्हा लाव्हा यायचा आणि ती माती भाजून निघायची. तीच ही पट्टी, भूशास्त्रवाले हिला रेड बोल म्हणतात. तो म्हणाला, "म्हणजे भट्टीच. फक्त विटा पाडणारं कोणी नव्हतं." आणि लगेच पुढे, "पण नव्हतं हे कसं कळलं?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर वाचायला लागलो तर कळलं की हा प्रश्न जाणत्या लोकांनीही गंभीरपणे घेतलाय. नासाच्या गोडार्ड संस्थेचे हवामानशास्त्रज्ञ गॅव्हिन श्मिट आणि रॉचेस्टर विद्यापीठाचे खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅडम फ्रँक यांनी २०१८ मध्ये त्यावर एक शोधनिबंध लिहिला. त्याला सिल्युरियन गृहीतक म्हणतात. नाव एका ब्रिटिश मालिकेतल्या काल्पनिक सरपटणाऱ्या जमातीवरून घेतलंय, त्याच नावाच्या भूशास्त्रीय कालखंडाशी संबंध नाही.

त्यांचा मुद्दा थोडक्यात असा. आपली कारखानदारी जेमतेम ३०० वर्षांची आणि जमिनीवर मोठे प्राणी आहेत निदान ३५ कोटी वर्षांपासून. मधे कुठे ३००, ३,००० किंवा अगदी ३०,००० वर्षांची एखादी औद्योगिक संस्कृती येऊन गेली असेल, तर आज काय सापडेल? शहरं सापडणं अवघड, कारण आजही शहरांनी पृथ्वीचा १ टक्कासुद्धा भाग व्यापलेला नाही. जमिनीचा जुन्यात जुना मोठा उघडा पृष्ठभाग इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटात आहे, तोही सुमारे १८ लाख वर्षांचा. महासागरांचा तळ तर सतत नवा होत असतो. त्यातला जवळपास सगळा १८ कोटी वर्षांच्या आतला आहे, त्याआधीचा पृथ्वीच्या पोटात परत गेला. म्हणून ते म्हणतात, वस्तू शोधू नका, रासायनिक खुणा शोधा. आपण कोळसा आणि तेल जाळल्यामुळे कार्बनच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं) प्रमाण बदलतंय. तसाच बदल ५.६ कोटी वर्षांपूर्वीच्या गाळातही दिसतो. तेव्हा पृथ्वीचं सरासरी तापमान ५ ते ८ अंशांनी चढलं होतं.

शेवटी दोघांनी स्वच्छ लिहिलंय की अशी संस्कृती होती असं आम्हाला वाटत नाही. मलाही वाटत नाही. पण भाच्याला "नव्हती" म्हणून गप्प करायचं नाहीये, "नव्हती, कारण..." असं सांगायचंय. ते कारण भक्कम हवं. त्यासाठी हा धागा. परग्रहवासी कृपया दुसऱ्या धाग्यावर घ्या.

समुद्रतळ

उत्तम विषय. मी समुद्रातल्या गाळावरच पीएचडी करते, सध्या ब्रेमेनला आहे. तुम्ही ज्या ५.६ कोटी वर्षांपूर्वीच्या घटनेबद्दल लिहिलंत, तिची खूण अंटार्क्टिकाजवळच्या मॉड राइज या समुद्रातल्या उंचवट्यावर काढलेल्या गाळातून १९९१ मध्ये पहिल्यांदा नीट पुढे आली. तसेच गाळ नंतर दक्षिण अटलांटिकमधल्या वॉल्विस रिज या पाण्याखालच्या डोंगररांगेवरून काढले गेले. इथल्या भांडारात ते ठेवलेत, आत चार अंश तापमान असतं, स्वेटर घालून जावं लागतं. नळकांड्याचा उभा अर्धा भाग टेबलावर ठेवला की दिसतं: खालून वर येताना पांढरट, खडूसारखा गाळ, आणि मग चाकूने कापल्यासारखी रेघ येऊन लालसर तपकिरी चिकणमाती. समुद्राचं पाणी इतकं आम्ल झालं की चुन्याचे सूक्ष्म शंख तळाशी पोचण्याआधीच किंवा पोचल्यावर विरघळून गेले, उरली फक्त माती. वर जाताना रंग हळूहळू परत पांढरा होतो. तेवढं व्हायला लाखभराहून जास्त वर्षं गेली.

आता आपल्या प्रश्नाचं. खोल समुद्रात गाळ साधारण हजार वर्षांना एक सेंटिमीटर या वेगाने साचतो. म्हणजे आपली ३०० वर्षं म्हणजे ३ मिलिमीटर. शिवाय तळावरचे किडे आणि कृमी तो गाळ सतत वरखाली करतात, त्यामुळे ३ मिलिमीटरची खूण काही सेंटिमीटरभर फासली जाते. कोणी मला म्हणालं की ५.६ कोटी वर्षांपूर्वी कोणीतरी कोळसा जाळला आणि त्याचीच ही खूण, तर मी दोन गोष्टी दाखवेन. एक, तेव्हा कार्बन सुटायला हजारो वर्षं लागली. आपण आज वर्षाला सुमारे १,००० कोटी टन कार्बन हवेत सोडतो, तेव्हाचा वेग त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास होता. दोन, त्याच सुमारास उत्तर अटलांटिकमध्ये प्रचंड ज्वालामुखी उद्रेक चालू होते. कारण समोर असताना दुसरं शोधत बसण्याची गरज पडत नाही.

ओंजळ

समुद्रतळ, माझी एक शंका. ३ मिलिमीटरची खूण फासली जात असेल, तर "आम्हाला काही सापडलं नाही" या म्हणण्याला अर्थ काय राहिला? शोधायची चाळणीच भोकाची असेल तर दाणे गळणारच. मी शाळेत विज्ञान शिकवते. पोरांना आम्ही नेहमी सांगतो की पुरावा नसणं आणि गोष्ट नसणं वेगळं. मग इथे ते लागू नाही का?

समुद्रतळ

ताई, शंका अगदी रास्त आहे. पण काळ थोडा असला म्हणजे खूण पुसट असतेच असं नाही, किती माल पडला त्यावर ते ठरतं. डायनोसॉर संपवणारी उल्का पडली, तो एका दिवसाचा मामला. त्याची खूण इटलीतल्या गुब्बिओ गावाजवळ चुनखडकात बोटभर जाडीच्या मातीच्या थरात आहे. लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी सहकाऱ्यांसोबत १९८० मध्ये तिथलं इरिडियम (उल्कांत भरपूर, जमिनीत दुर्मिळ असा धातू) मोजून दाखवलं. तसाच थर जगभर सापडतो. एका दिवसाची गोष्ट ६.६ कोटी वर्षांनी वाचता येते, कारण ती पृथ्वीभर पसरली.

आणि आपणही पृथ्वीभर पसरलोय. प्लास्टिक, खतातला नायट्रोजन, बॉम्बचाचण्यांतलं प्लुटोनियम, अंड्यामटणासाठी जगभर पाळलेल्या कोंबड्यांची हाडं. कॅनडातल्या क्रॉफर्ड तलावाच्या तळाशी तर वर्षावर्षाची पट्टी मोजता येते. मानवयुग सुरू झाल्याची खूण म्हणून २०२३ मध्ये तोच तलाव सुचवला होता. २०२४ मध्ये भूशास्त्रज्ञांच्या मतदानात तो प्रस्ताव नामंजूर झाला, पण तो युगाच्या व्याख्येवरून. तलावातल्या खुणा खोट्या आहेत असं कोणीही म्हटलं नाही.

रेणूमोजणी

किरणोत्सर्गी पदार्थ मोजण्यात माझी नोकरी गेली, म्हणून ओक्लोबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. अणुभट्टीची खूण दगडात कशी राहते याचं याहून चांगलं उदाहरण नाही.

१९७२ साल. फ्रान्समधल्या पिएरलाट इथल्या युरेनियम कारखान्यात नेहमीची तपासणी चालू होती. पृथ्वीवर कुठेही जा, चंद्रावरचे दगड घ्या, उल्का घ्या, युरेनियममध्ये युरेनियम-२३५ चं प्रमाण ०.७२०२ टक्के असतं. एका नमुन्यात आलं ०.७१७१. ज्याने प्रयोगशाळेत दिवस काढलेत त्यालाच कळेल की या फरकाने किती लोकांची झोप उडाली असेल. हे युरेनियम अणुबॉम्बच्या कामाचं, म्हणजे कुठे गेलं याचा हिशोब लागलाच पाहिजे. माग काढत काढत लोक आफ्रिकेतल्या गॅबॉन देशात ओक्लोच्या खाणीपर्यंत पोचले. तिथे काही जागी प्रमाण याहूनही पुष्कळ कमी. सोबत निओडिमियम या धातूची समस्थानिकं जशी अणुभट्टीच्या राखेत असतात तशीच.

म्हणजे तिथे अणुभट्टी चालली होती! सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा पृथ्वीवर एकपेशीय जीवांपलीकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. मग भट्टी कोणी बांधली? कोणीच नाही. त्या काळी युरेनियम-२३५ चं प्रमाणच ३ टक्क्यांच्या आसपास होतं, आजच्या कारखान्यात आपण ते मेहनतीने वाढवून तिथवर नेतो. खनिज दाट साचलेलं, त्यात भूजल झिरपलेलं. पाण्याने न्यूट्रॉनचा वेग कमी झाला आणि साखळी सुरू झाली. उष्णतेने पाणी उकळून गेलं की भट्टी बंद, पाणी परत झिरपलं की चालू. अडकून राहिलेल्या झेनॉन वायूवरून हा तालही काढलाय: साधारण अर्धा तास चालू, अडीच तास बंद. असं लाखो वर्षं. पॉल कुरोडा या शास्त्रज्ञाने अशी नैसर्गिक भट्टी होऊ शकते हे १९५६ मध्येच गणिताने मांडलं होतं.

माझ्यासाठी यातून दोन गोष्टी निघतात आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेला ओढतात. पहिली, "हे कोणीतरी केलेलंच असणार" असं छातीठोक वाटावं अशी खूण निसर्ग स्वतः करू शकतो. दुसरी, अणुइंधन जळल्याची खूण २०० कोटी वर्षं टिकते आणि आपण ती दशांशाच्या तिसऱ्या स्थानावर पकडतो. डायनोसॉरच्या काळात कोणी शेकडो भट्ट्या चालवल्या असत्या, तर त्यांचं इंधन कुठेतरी अडकून राहिलंच असतं. प्लुटोनियम-२४४ चा अर्धायुष्यकाल (निम्मं उरायला लागणारा काळ) ८ कोटी वर्षांचा आहे, क्युरियम-२४७ चा दीड कोटीहून थोडा जास्त. हे शोधता येण्यासारखं आहे, नुसत्या कल्पनेतलं नाही.

अश्विनशुद्ध

चर्चा वाचून आनंद झाला. एक गोष्ट कोणी काढली नाही म्हणून मी काढतो. आपल्याकडे कुठल्याही पूजेला गुरुजी संकल्प सोडतात, "श्वेतवाराहकल्पे वैवस्वतमन्वंतरे कलियुगे प्रथमचरणे". म्हणजे हे सातवं मन्वंतर, आधीची सहा होऊन गेली. एक मन्वंतर म्हणजे ७१ महायुगं, ३० कोटी ६७ लाख २० हजार वर्षं. प्रत्येक मन्वंतराचा मनू वेगळा, देव वेगळे, ऋषी वेगळे. आपल्या पूर्वजांनी माणसाआधीच्या जगांची कल्पना केली होती, हे पाश्चात्त्यांच्या २०१८ च्या लेखाच्या किती आधी! याकडे दुर्लक्ष का करायचं? विमानांचे उल्लेखही आहेत.

घाटवळण (धागाकर्ता)

काका, संकल्पाचा मुद्दा मला फार आवडला. लहानपणी गणपतीच्या पूजेला पाटावर बसून तो मीही ऐकलाय. काळ कोटींत मोजण्याची हिंमत फार थोड्या समाजांनी केली. युरोपात अठराव्या शतकापर्यंत बहुतेकांसाठी पृथ्वीचं वय ६,००० वर्षांच्या आसपास होतं, आपल्याकडे कल्प ४३२ कोटी वर्षांचा. हा अभिमानाचाच विषय आहे.

पण ही कालगणना काळाच्या विस्ताराची कल्पना देते, त्या काळात काय घडलं याची नोंद देत नाही. ३० कोटी वर्षांपूर्वीचा दगड उघडला की त्यात काय आहे ते दगडच सांगतो. विमानांबद्दल म्हणाल, तर वैमानिक शास्त्र या ग्रंथाची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये केली. भाषेवरून आणि इतर पुराव्यांवरून तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा ठरला आणि त्यातली विमानं उडण्यासारखी नाहीत असंही निघालं. त्या ग्रंथाला बाजूला ठेवल्याने पुराणांच्या कालकल्पनेचं मोल कमी होत नाही, असं मला मनापासून वाटतं.

अश्विनशुद्ध

मान्य. वैमानिक शास्त्राचं मला ठाऊक नव्हतं. कालगणनेबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते पुरेसं आहे.

कुशावती

मी दक्षिण गोव्यातली, कातळशिल्पांच्या नादाने कोकणभर फिरते. "अज्ञात प्राचीन संस्कृती" हे शब्द वाचले की जरा दचकायला होतं, कारण रत्नागिरी, राजापूरची कातळशिल्पं प्रकाशात आली तेव्हा बातम्यांत हेच शब्द होते आणि पुढे लोकांनी त्यात काय काय मिसळलं. काशेळीच्या सड्यावर (कातळाच्या माळावर) भलामोठा हत्ती आहे, त्याच्या पोटात आणखी प्राणी कोरलेत. काही सड्यांवर गेंडा आहे. कोकणात आज गेंडा नाही, पण कोरणाऱ्याने तो बघितला होता एवढं नक्की. आमच्या कुशावती नदीकाठी उसगाळीमळला चक्रव्यूहासारखी आकृती आहे, उन्हं तिरपी झाली की रेषा उठून दिसतात, भर दुपारी गेलात तर पायाखाली असूनही दिसणार नाही. २०२२ पासून यातली निवडक ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहेत. ती आपल्यासारख्याच माणसांनी केली आणि मला त्यातच त्यांची थोरवी वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे. सगळेजण कारखानदार संस्कृतीबद्दल बोलताय. मला वाटतं कारखान्यांआधीची पायरी बघा. जांभ्यावरची रेघ काही हजार वर्षांत झिजेल, पण दगडाचं हत्यार सहजी झिजत नाही, कुजत नाही, गंजत नाही. हातकुऱ्हाड घडवताना एका बैठकीत ढीगभर छिलके उडतात. एका प्राण्याच्या अंगात हाडं दोनशेच्या आसपास, तीही बहुतेक नष्ट होतात. दगड घडवणारा एक जीव जन्मभरात हजारो छिलके मागे टाकतो. छिलका ओळखू येतो, त्याच्यावर घाव बसल्याचा फुगीर उंचवटा असतो, बोट फिरवलं तरी कळतो. तामिळनाडूत अत्तिरमपक्कमला १५ लाख वर्षांपूर्वीची हत्यारं आहेत. केनियात लोमेक्वीला ३३ लाख वर्षांपूर्वीची. आणि त्याच्या मागे? काहीही नाही. १ कोटीत नाही, १० कोटीत नाही. नद्यांनी साचवलेले गोटे आणि वाळू त्या त्या काळाचे भरपूर आहेत, लोकांनी ते बारकाईने बघितलेत. कारखान्यांपर्यंत पोचायला कोणालाही आधी दगड फोडावाच लागेल ना?

घाटवळण (धागाकर्ता)

कुशावती, हा मुद्दा मला सुचलाच नव्हता. मी भाच्याला सांगणार होतो की कारखाने नव्हते हे पक्कं, पण साधी संस्कृती नव्हती असं म्हणता येत नाही. तुमचं वाचून ते उलटं वाटायला लागलंय. दगड वापरणाऱ्यांची खूण कारखान्याच्या धुरापेक्षा जास्त टिकाऊ!

ओंजळ

आणि ज्यांना हात नव्हते ते? समुद्रातले? ऑक्टोपससारखे मऊ अंगाचे? त्यांनी दगड फोडलाच नसेल तर?

कुशावती

मग मी हात जोडते. विस्तव नाही, हत्यार नाही, खाण नाही, अशी समुद्रातली हुशारी असू शकेल, पण तिला "प्रगत संस्कृती" म्हणताना आपण नेमकं काय म्हणतोय हे आधी ठरवावं लागेल. पाण्याखाली धातू वितळवता येत नाही.

दूरचा_पिंपळ

ओहायोत राहतो, आकाशनिरीक्षणाचा छंद आहे. जमिनीवर सगळं पुसलं जातं म्हणता, तर वर बघा. चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही, भूकवचाची उलथापालथ नाही. तिथली झीज दहा लाख वर्षांना एखाद मिलिमीटरच्या घरात. २००९ पासून चंद्राभोवती फिरणाऱ्या एलआरओ यानाने अपोलोच्या अंतराळवीरांच्या पाऊलवाटासुद्धा टिपल्यात. माणसाआधी कोणी तिथे उतरलं असतं आणि उल्कांनी त्याचा चुरा केला नसता, तर ते दिसण्याची आशा तिथे जास्त. पेन स्टेट विद्यापीठाचे जेसन राइट यांनी २०१७ मध्ये हेच मांडलं होतं.

एक गोष्ट मला फार हलवून जाते. १९७६ मध्ये लॅजिऑस नावाचा उपग्रह सोडला. लेझर परतवायला आरसे लावलेला पितळी गाभ्याचा गोळा, इतका उंचावर की पृथ्वीवर पडायला ८० लाखांहून जास्त वर्षं लागतील. त्यात खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी आखलेला धातूचा एक पत्रा ठेवलाय. त्यावर तीन नकाशे आहेत: २६ कोटींहून अधिक वर्षांपूर्वी खंड कसे होते, आज कसे आहेत आणि तो पडेल तेव्हा कुठे सरकलेले असतील. म्हणजे आपल्यानंतर येणाऱ्या कोणासाठी तरी आपण खरोखर चिठ्ठी ठेवलीय.

वर्धाखोरे

नमस्कार. उशिरा आलो, माफ करा. मी चंद्रपूर भागात कोळसा खाणींसाठी बोअरहोल मारण्याच्या कामावर ३१ वर्षं होतो, आता निवृत्त. दोन गोष्टी सांगतो, जवळून बघितलेल्या.

पहिली, आमच्याकडच्या पिसदुऱ्याची. वरोऱ्याकडचं गाव. तिथल्या शेतात डायनोसॉरची दगड झालेली विष्ठा सापडते, नांगरताना हाताला लागते. २००५ मध्ये भारतीय आणि परदेशी संशोधकांनी ती विरघळवून त्यातून गवताचे सूक्ष्म सिलिकाकण काढले. डायनोसॉरच्या काळात गवत होतं हे त्यातून कळलं, त्याआधी बहुतेकांना ते मान्य नव्हतं. आता मला सांगा, ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या जनावराने काय खाल्लं ते आपल्याला कळतं. तिथे कोणी शेती केली असती, एकच धान्य मैलोनमैल पेरलं असतं, तर त्या धान्याचे कण अशाच कुठल्या गाळात लाखोंनी पडले असते. म्हणून पुरावा टिकत नाही हे म्हणणं मला अर्धंच पटतं. मोठी वस्तू टिकत नाही, बारीक कण टिकतो.

दुसरी गोष्ट कोळशाची. वर्धा खोऱ्यातला कोळसा बराकर नावाच्या थरांतला आहे, २५ कोटींहून जास्त वर्षं जुना. म्हणजे डायनोसॉरच्याही आधीचा. त्यांच्या काळात कोणी प्रगत असतं तर हा कोळसा तयार होता, पृष्ठभागाच्या जवळ होता. त्यांनी सोडला असता का? आपण सोडतो का? आम्ही शेकडो बोअर मारले, कोळशाचा थर नकाशावर जोडत गेलो. थर तुटतो. नाही असं नाही. पण तुटण्याची आम्हाला दिसलेली कारणं दोनच. एक म्हणजे फॉल्ट, जमीन सरकलेली. दुसरं, वॉशआउट: जुन्या नदीने कोळसा खरवडून नेला आणि तिथे वाळू भरली. पहिल्यांदा वॉशआउट बघितला तेव्हा मी नवखा होतो. सात मीटरचा थर पन्नास मीटर पुढच्या बोअरमध्ये नाहीच, सगळा वाळूचा दगड. मनात आलं, कोणी काढून नेला? आमच्या साहेबांनी हातात कोअर (बोअरमधून निघालेला दगडाचा दांडका) दिला आणि म्हणाले, बूड बघ. बुडाशी गोल गोटे आणि कोळशाचे झिजलेले खडे होते. नदी म्हणजे नदीच.

समुद्रतळ

काका, फार सुंदर. एकच आडवा मुद्दा: १० कोटी वर्षांपूर्वी उघड्यावर असलेला कोळसा आज झिजून गेला असेल. त्यांनी फक्त वरवरचा काढला असेल तर?

वर्धाखोरे

बरोबर आहे तुमचं. उघड्या खाणीबद्दल मी काहीच सांगू शकत नाही, ती जमीनच आता राहिलेली नाही. पण आपण ३०० वर्षांतच वरवरचा काढता काढता शेकडो मीटर खाली गेलो. त्यांनाही जावं लागलं असतं. खाली गेलेली गॅलरी, म्हणजे खाणीतला बोगदा, पृष्ठभागाबरोबर झिजत नाही. ती सरळ असते, छताची उंची एकसारखी, ठरावीक अंतरावर खांब सोडलेले. असा आकार निसर्ग करत नाही. भारतात, युरोपात, अमेरिकेत, चीनमध्ये, ऑस्ट्रेलियात मिळून किती बोअर पडले असतील, आणि या जुन्या थरांत अशी एकही जागा कोणाला लागलेली नाही. माझ्यासाठी याहून मोठं कारण नाही. तुमच्या भाच्याला हे सांगा.

घाटवळण (धागाकर्ता)

सांगतो. त्याला अजून एक विचारायचं होतं, त्याच्याच शब्दांत लिहितो: "इतक्या जुन्या गॅलरीत बोअर गेला तर काकांना कसं कळलं असतं?"

वर्धाखोरे

पोराला शाबासकी द्या, नेमकं विचारलं.

ब्रिटिश काळातल्या गॅलरीवर बोअर गेला तर लगेच कळतं. ड्रिलचं पाणी परत वर येणं थांबतं आणि रॉड एकदम खाली बसतो. जुन्या कामाच्या ६० मीटरच्या आत खाण न्यायची तर आधी पुढे बोअर मारून बघायचं हा नियमच आहे, कारण त्यात साठलेलं पाणी फुटून आत आलं तर माणसं जातात. त्या क्षणाची आम्हाला कायम धास्ती असायची.

पण कोटी वर्षं झालेली गॅलरी पोकळ राहणार नाही. छत बसेल, चुरा भरेल, वरच्या दाबाने तो घट्ट होईल. मग कोअरमध्ये काय येईल? छताच्या शेलचे (चिखलाच्या पापुद्र्यांच्या दगडाचे) आणि कोळशाचे वेडेवाकडे तुकडे, कुठलाही थर सरळ नाही, सगळं उलटसुलट, आणि वरखाली परत व्यवस्थित दगड.

असा कोअर मला एकदा आला. साधारण अर्धा मीटर. मनगटाएवढ्या जाडीचा कोअर लाकडी पेटीत ओळीने लावत होतो आणि हात थांबला. कोळशाचे कोनेदार तुकडे, शेलचे तुकडे, मध्ये राखाडी चिखल. ड्रिलरही बघत राहिला. कोणी काही बोललं नाही. मी एक तुकडा पाण्याने धुतला आणि उन्हात तिरपा धरला. त्याची एक बाजू आरशासारखी घोटलेली, आणि तिच्यावर एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेघा. दुसरा धुतला, तसाच. तिसरा, तसाच. दोन खडक एकमेकांवर घासत सरकले की असं होतं. फॉल्टच होता. पेटीवर तसं लिहिलं, पुढची पेटी उघडली.